माइनक्राफ्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः नकाशाविषयी

पंखा आवाज करतो एवढ्याच तक्रारीसाठी लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता. परत आला तेव्हा डिस्क कोरी झालेली होती आणि माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बनलेल्या जगाच्या संगणकीय खेळातले माझे जगही तिच्याबरोबर गेले होते. माहितीची जबाबदारी ग्राहकाची असल्याचे पावतीच्या मागे छापले आहे, असे दुरुस्ती केंद्राने ऐकवले आणि बिल मात्र पूर्ण घेतले. त्या जगाचा सीड क्रमांक, म्हणजे ज्यावरून खेळ सारे जग घडवतो तो आकडा, वहीत लिहिलेला होता, म्हणून आवृत्ती तीच ठेवून तो पुन्हा टाकला. तेच डोंगर, तीच नदी आणि तेच गाव जागच्या जागी उभे राहिले. बांधलेले घर आणि भरलेले नकाशे तेवढे नव्हते.

तोवर मी या खेळाचे मोठेपण त्याच्या विस्तारात मानत होतो. संगणकावरच्या मूळ, म्हणजे जावा आवृत्तीत मध्यापासून प्रत्येक दिशेला सुमारे 3 कोटी ठोकळे जाता येते, आणि 30 नोव्हेंबर 2021 रोजी आलेल्या 1.18 या अद्यतनापासून जगाची एकूण उंची 384 ठोकळे झाली आहे. परत मिळालेल्या जगात विस्तार तेवढाच होता, तरी पाय उचलेना, कारण टेकडीपलीकडे काय आहे हे आधीच ठाऊक होते.

खरा वैताग नकाशाचा. होकायंत्र आणि आठ कागद खर्चून कोरा नकाशा मिळतो, त्यात फक्त 128 बाय 128 ठोकळ्यांचा प्रदेश मावतो आणि तो हातात धरून स्वतः फिरल्याशिवाय भरत नाही. चार वेळा मोठा केला की 2048 बाय 2048 चा मुलूख येतो खरा, पण एका ठिपक्यात 16 बाय 16 ठोकळे दडपले जातात आणि आपले घर दिसेनासे होते. (मोठा करण्यासाठी प्रत्येक वेळी आठ कागद घालू नयेत, नकाशाच्या टेबलावर एकाच कागदात काम होते, आणि कागद ज्यापासून बनतो तो ऊस काही फुकट उगवत नाही.) अनोळखी मुलखात हीच अडवणूक मला आवडली होती, कारण भरलेला प्रत्येक कोपरा स्वतः पाहिलेला असे, ओळखीच्या मुलखात ती निव्वळ कारकुनी ठरली.

म्हणून जिकडे कधी गेलो नव्हतो त्या दिशेला निघालो. मैदानात गुलाबी फुलांचे एकच अझेलियाचे झाड दिसले. हे झाड आपसूक उगवलेले असेल तर त्याच्या खाली हिरवी गुहा असते, आणि बुंध्याखालची मुळांची माती थेट तिच्या छतापर्यंत उतरते. खेळ हे कुठेही सांगत नाही, बाणही दाखवत नाही. मुळांच्या कडेने खणत गेलो, तेव्हा खाली शेवाळाची जमीन, वेलींना लटकलेली पिवळी उजळ फळे आणि मातीच्या तळाची डबकी सापडली. एकदा भरलेल्या पैशांत पुढची अद्यतनेही मिळत असल्याने हा शोध मला स्वस्तातच पडला. गावे मात्र त्याच त्या घरांची जुळवाजुळव असल्यामुळे तिसऱ्या गावापासून आत डोकवावेसेही वाटत नाही.

गुहेवरून पुन्हा नकाशाकडेच यावे लागते, कारण तो फक्त वरची जमीन दाखवतो. सहा लोकरी आणि एक काठी यांचे निशाण झाडाजवळ रोवून त्यावर नकाशा वापरला की तेथे खूण उमटते. खुणेला नाव हवे असेल तर मात्र ऐरण लागते आणि तिला 31 लोखंडी विटा जातात. एवढे लोखंड नावासाठी घालवणे मला परवडत नाही, त्यामुळे माझ्या नकाशावर ती खूण बिननावाचीच आहे.