चेन सॉने फळ्या चिरताना अंगावर काय असावे : दोन हिवाळ्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

नागभीड तालुक्यातील आमच्या वावराच्या धुऱ्यावरचे, रीतसर परवानगी घेऊन पाडलेले सागवान आणि वादळात उन्मळून पडलेला एक जुना आंबा यांच्या फळ्या मी गेल्या दोन हिवाळ्यांत जागेवरच चिरल्या. पांदण रस्त्याने एवढे ओंडके आरागिरणीपर्यंत नेणे शक्य नव्हते, म्हणून ९० सीसीच्या आसपासची चेन सॉ, ३६ इंची बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) आणि त्यावर कसून बसणारा, फळीची जाडी सारखी ठेवणारा मिलचा फ्रेम एवढ्या साधनांवर काम केले. या काळात सुरक्षेच्या ज्या वस्तू विकत घेतल्या, त्यांतील काही उत्तम निघाल्या आणि एका वस्तूत सरळ फसवणूक झाली. आपल्या भागात बरेच कास्तकार आता हे काम घरीच करू लागले आहेत, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

दुकानात मिळणारा तयार संच झाड पाडणाऱ्यासाठी बांधलेला असतो, ही गोष्ट खरेदीपूर्वी लक्षात घ्यावी. झाड पाडताना यंत्र थोडा वेळ चालते, थांबते, पुन्हा चालते, आणि मुख्य भीती चेन पायाला लागण्याची किंवा वरून फांदी पडण्याची असते. फळ्या चिरताना यंत्र एकेका चिरेला कित्येक मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर असते, माणूस ओंडक्यावर वाकलेला असतो, धुराचे तोंड चेहऱ्यापासून हातभर अंतरावर येते आणि लाकडाच्या धाग्यांच्या दिशेने चिरण्यासाठी घासलेली चेन जाड भुशाबरोबर पिठासारखी बारीक धूळही उडवते. त्यामुळे येथे पहिला पैसा कान आणि फुफ्फुसांवर खर्च करावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

कानांपासून सुरुवात करतो. चेन सॉचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी सुमारे ११० डेसिबल असतो. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा धरली आणि दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो हे मानले, तर उघड्या कानांना दोन मिनिटेसुद्धा परवडत नाहीत. पहिल्या दिवशी मी कानात कापूस घालून काम केले. रात्री जेवताना कानात रातकिडे ओरडत होते आणि समोर बसलेल्या आईचे बोलणे दोनदा विचारावे लागले. त्यानंतर डोक्यावरून पट्टी जाणारे, ३० डेसिबलच्या वरचे एसएनआर (आवाज किती कमी होतो याचा आकडा) असलेले इअरमफ घेतले. हेल्मेटला अडकवायचे मफही वापरून पाहिले, पण ओंडक्यावर वाकले की हेल्मेट पुढे सरकते आणि मफची गादी कानामागून उचलली जाते. म्हणून चिरण्याच्या कामाला पट्टीवालेच मफ घ्यावेत. चष्म्याची काडी जाड असेल तर तिथूनही आवाज आत शिरतो, त्यामुळे पातळ काडीचा चष्मा निवडावा. मफच्या आत फोमचे बोळे घातल्यास आणखी साधारण ५ डेसिबलचाच फायदा होतो, तरी दिवसभराचे काम असेल तेव्हा मी तो घेतो.

श्वासाच्या बाबतीत आपल्याकडे तोंडाला दुपट्टा बांधण्याची सवय आहे. दुपट्टा जाड भुसा अडवतो, बारीक धूळ मात्र त्यातून सहज आत जाते. सागाची धूळ अनेकांच्या कातडीला आणि नाकाला खाज आणते, आणि लाकडाच्या धुळीने नाकाचा व सायनसचा कर्करोग होऊ शकतो म्हणून कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिला निश्चित कर्ककारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. निदान ९४ टक्के कण अडवणारा एफएफपी२ मास्क हवा, आणि त्यावर आयएस ९४७३ हे भारतीय मानक छापलेले पाहावे. मी आधी व्हॉल्व्ह असलेले वापरून फेकायचे मास्क घेतले. घामाने ते दोन तासांत मऊ पडून गालापासून सुटू लागले. नंतर रबरी अर्धा मुखवटा आणि बदलता येणारे फिल्टर घेतले. हा खर्च पुरेपूर वसूल झाला. दिवसाच्या शेवटी फिल्टरचे झाकण उघडले की आतल्या पांढऱ्या कापडावर सागाच्या तेलकट, तपकिरी भुकटीचा थर बसलेला दिसतो, आणि मुखवट्याच्या आत बोट फिरवले तर ते कोरडे व स्वच्छ निघते. दाढी वाढलेली असेल तर रबराची कड चेहऱ्याला बसत नाही. यंत्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड यातील कोणताही धूळ-फिल्टर अडवत नाही, म्हणून ओंडका असा मांडावा की वारा धूर आपल्यापासून दूर नेईल, आणि शेडमध्ये हे काम करूच नये.

डोळ्यांसाठी जाळीचा व्हायझर पुरेसा नाही. जाळी ढलप्या अडवते, धूळ अडवत नाही. आत बंदिस्त चष्मा लागतोच, आणि तो वाफ न धरणारा असावा.

आता फसवणुकीचे सांगतो, कारण बाजारात हा घोटाळा सर्रास दिसतो. पहिल्यांदा मी एका विक्रेत्याकडून चेन सॉचे चॅप्स (चेनपासून पाय वाचवणारे, पँटवरून बांधायचे आवरण) म्हणून जे मागवले, ते गवत कापण्याच्या यंत्रासाठीचे प्लास्टिकच्या पट्ट्या घातलेले पायरक्षक निघाले. उडणारा खडा ते अडवतील, चालती चेन नाही. खऱ्या चॅप्समध्ये लांब, चिवट धाग्यांचे अनेक थर सैल ठेवलेले असतात. चेन लागली की हे धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटभोवती, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राभोवती, गुंडाळले जातात आणि यंत्र क्षणात अडकते. लाकूडतोडीचा ठेका घेणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांचे फाटलेले चॅप्स दाखवले होते. मांडीवर चार बोटे लांब चीर, तिच्यातून बाहेर आलेला पांढरा गुंता, आणि तोच गुंता स्प्रॉकेटमधून काढायला त्यांना पक्कड घेऊन पाऊण तास बसावे लागले होते. पायाला ओरखडाही नव्हता.

खरेदी करताना लेबलवर चेन सॉचे चित्र, ईएन आयएसओ ११३९३ हे मानक (जुन्या मालावर ईएन ३८१) आणि वर्ग पाहावा. वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर, वर्ग २ म्हणजे २४ मीटर आणि वर्ग ३ म्हणजे २८ मीटर चेनवेगावर घेतलेली चाचणी. आपल्या यंत्राचा हिशेब करून बघावा: ३/८ इंच पिचची (लागोपाठच्या रिव्हेटांमधील सरासरी अंतराची) चेन आणि ७ दात्यांचा स्प्रॉकेट असेल, तर मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर चेनचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर होतो. म्हणून मी वर्ग २ घेतला. पूर्ण पाय झाकणारी सी प्रकारची पँट आपल्या उन्हात अंगावर टिकत नाही, आणि चिरताना बार आडवा, फ्रेममध्ये बंद असल्यामुळे समोरून झाकणारे ए प्रकारचे चॅप्स मला योग्य वाटले. ते घालावेतच, कारण चीर संपताना बार ओंडक्याबाहेर निसटतो तेव्हा आपला सगळा भार पुढे असतो. माझ्या संचात हीच वस्तू सर्वांत महाग पडली. एकदा चेन लागलेले चॅप्स शिवून पुन्हा वापरू नयेत, आणि तेलाने माखलेले धागे चिकटून निकामी होतात म्हणून लेबलवर लिहिल्याप्रमाणे ते धूत राहावेत.

बूट आयएस १५२९८ चिन्हाचे, पायाच्या बोटांवर २०० जूल आघात सोसणारी कडक टोपी असलेले घ्यावेत. कडेची जड साल-फळी सुटून पायावर येते, हे माझ्यासमोर दोनदा घडले. हातमोजे साधे चामड्याचे पुरले. कंपन शोषणारे मोजेही घेतले होते, पण बोटांच्या मुंग्या त्यांनी फारशा कमी झाल्या नाहीत. धारदार चेन आणि दर दोन चिरांनंतरची विश्रांती यांनी झाल्या. फरशी बसवणारे कारागीर वापरतात ते गुडघ्यांचे पॅड मात्र जरूर घ्यावेत. हेल्मेट उभ्या झाडाखाली हवेच, आणि त्याच्या आत कोरलेला उत्पादनाचा महिना पाहून घ्यावा, कारण उन्हात ते प्लास्टिक ठिसूळ होते.

दुसरी खरेदी नागपूरच्या एका यंत्रसामग्रीच्या दुकानातून केली. तेथील माणसाने चॅप्स माझ्या कमरेला बांधून, मला ओंडक्यावर वाकल्यासारखे वाकायला लावून पट्ट्यांची लांबी ठरवली आणि वर्ग ३ घेण्याचा आग्रह केला नाही. बूट माझ्या मापाचे नव्हते, ते त्यांनी आठवडाभरात मागवून दिले. तेथून निघताना मी आणखी एक मफ आणि एक अर्धा मुखवटा घेतला. चिरेत पाचरी ठोकणारा आमचा गडी धुळीच्या फवाऱ्यासमोर माझ्याइतकाच वेळ उभा असतो, आणि पहिल्या हिवाळ्यात त्याच्या तोंडाला फक्त दुपट्टा होता.