रीसस की बॉनेट: प्रयोगशाळेला कोणतं माकड परवडतं?

हरभऱ्यात धुडगूस घालणारं काळ्या तोंडाचं वानर इथे बाजूला ठेवू. तुलना आहे लाल तोंडाच्या दोन माकडांची. गोदावरी ही त्यांची जुनी ढोबळ सीमा: उत्तरेला रीसस, दक्षिणेला बॉनेट. म्हणजे पैठण-नांदेडची आपलीच नदी. अलीकडे मात्र रीसस दक्षिणेकडे सरकत चाललंय. ओळखायचं शेपटीवरून. बॉनेटची लांबलचक, रीससची आखूड. शिवाय बॉनेटच्या डोक्यावर केसांचा भोवरा, जणू टोपीच.

संशोधनात पारडं रीससचं जड आहे, आणि तेही चांगलंच. रक्तगटापुढच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा ‘आरएच’ याच्याच नावावरून आला. लँडस्टायनर आणि वीनर यांचं १९४० चं काम. साल्कची पोलिओ लस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून बनली. त्या काळात भारतातून रीसस भरभरून परदेशी गेली, १९७८ मध्ये निर्यातबंदी आली. कोव्हॅक्सिनची चाचणीही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २० रीससवर केली: पाच-पाचचे चार गट, त्यातला एक बिनलशीचा.

बॉनेटवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रजननाच्या हार्मोन्सचं मोलाचं काम झालं. पण याच्या जनुकांची, प्रतिकारशक्तीची माहिती रीससइतकी साठलेली नाही. रीससचा जनुकीय आराखडा २००७ मध्येच आला. त्यामुळे लशीसाठी मी डोळे झाकून रीसस म्हणेन. दक्षिणेत प्रजननाचा अभ्यास करायचा तर बॉनेट. परवानग्यांची कटकट दोघांनाही आहेच, आणि ती असायलाच हवी.