पेट फर्स्ट एड किट, ८९९ रुपये: झाकणावर ससा, आत सगळा कुत्र्याचा कारभार

नौपाड्यातल्या एका पेट शॉपमधून मार्चमध्ये हे किट घेतलं. झाकणावर ‘सर्व पाळीव प्राण्यांसाठी’ असं ठळक छापलंय आणि कोपऱ्यात सशाचं चित्र, आमच्या बुंदीसारखाच एक कान पडलेला. त्या चित्रालाच मी भुलले.

आत कापूस, गॉज, क्रेप बँडेज, चिमटा, डिजिटल थर्मामीटर, गळ्यात घालायची प्लॅस्टिकची कॉलर आणि गोचिडांच्या औषधाची छोटी ट्यूब. ट्यूबवरची बारीक अक्षरं मोबाइलवर मोठी करून वाचली: फिप्रोनिल. हे सशाच्या जिवावर बेततं. दुकानात फोन केला तर म्हणे, “मॅडम, छोटा प्राणी आहे, अर्धीच टाका.” अर्धी! कॉलरही बिनकामाची. ससा स्वतःची मऊ लेंडी थेट तोंड लावून खातो, त्याला ती लागतेच. कॉलर घातली की ते बंद.

खरी परीक्षा मेमध्ये झाली. कोथिंबिरीची जुडी सोडायचा आवाज आला की धावत येणारी बुंदी रात्री साडेदहाला पलंगाखाली पाठ फिरवून बसलेली, दात करकर वाजवत. ट्रेमध्ये सकाळपासूनच्या लेंड्या मोजून सात, मोहरीपेक्षा जरा मोठ्या. एरवी वाटाण्याएवढ्या आणि ढिगाने असतात. सशाचं आतडं थांबलं की सकाळपर्यंत बघू म्हणायची सोय नसते.

थर्मामीटर लावलं. (डॉक्टरांनी आधी शिकवलं होतं. मागचे पाय नीट सावरून धरायचे, कारण घाबरून लाथ झाडली तर सशाचा स्वतःचाच कणा मोडू शकतो.) ३७.२ आलं. सशाला ३८.५ ते ४० हवं, म्हणजे अंग गार पडत चाललेलं. थर्मामीटरला मात्र पैकीच्या पैकी: टोक लवचीक, आकडा पटकन येतो.

मग किटमधलं माहितीपत्रक उघडलं. ‘प्राणी खात नसल्यास २४ तास उपाशी ठेवा.’ कुत्र्याचं पोट बिघडलं तर कदाचित ठीक असेल, सशाला बारा तासही जड जातात!

गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बुंदीच्या शेजारी ठेवली आणि निघालो. शेजारच्या काकू “परळला बैलघोड्याला न्या” म्हणत होत्या (म्हणजे तिथलं प्राण्यांचं जुनं हॉस्पिटल), पण सशांचं बघणारे आमचे डॉक्टर कोपरखैरण्याला. ऐरोलीच्या पुलावरून गेलो. त्यांनी आधी एक्स-रे काढून पोट फुगलं नाही ना, काही अडकलं नाही ना ते पाहिलं. मगच सलाईन, दुखणं थांबवणारं औषध आणि सिरिंजने भरवणं. अडकलेलं असताना मी घरीच भरवलं असतं तर घात झाला असता. तिसऱ्या दिवशी पहाटे ट्रेमध्ये वाटाणे दिसले, तेव्हा फोटो काढून आईला पाठवला. तिने अजून उत्तर दिलेलं नाही.

आता डब्यात मी बिनसुईच्या सिरिंजा, भिजवून भरवायची गवताची पावडर, नख तुटून रक्त आलं तर दाबायला कॉर्नफ्लोअर आणि झाकणाच्या आत डॉक्टरांचा रात्रीचा नंबर ठेवलाय. ट्यूब परत घ्यायला दुकान तयार नाही.

डबा आणि थर्मामीटर धरून साडेतीनशेचा माल. उरलेले पैसे झाकणावरच्या सशाचे. पाचपैकी दोन तारे.