‘विंग्ज’ की ‘हेल्स एंजल्स’: आधी कोणता पाहावा?

पहिल्या महायुद्धातील विमानयुद्धावरचे जुने हॉलीवूडपट पाहू इच्छिणाऱ्याला दोन नावे हमखास सुचवली जातात: विल्यम वेलमन यांचा १९२७चा मूकपट ‘विंग्ज’ आणि हॉवर्ड ह्यूज यांचा १९३०चा बोलपट ‘हेल्स एंजल्स’. दोन्ही दोन तासांहून लांब असल्यामुळे एका बैठकीत दोन्ही उरकणे कठीण आहे, आणि पहिला रुचला नाही तर दुसऱ्याला बहुधा कुणी हात लावत नाही. म्हणून आधी कोणता पाहावा, या प्रश्नाला थोडे महत्त्व आहे.

आकाशातील दृश्यांपुरते बोलायचे तर दोन्ही एकाच मुशीतले आहेत, आणि त्याचे एक कारण म्हणजे छायालेखक हॅरी पेरी यांनी दोन्हीकडे काम केले होते. निरभ्र आकाशात विमाने काचेवरच्या माश्यांसारखी जागच्या जागी चिकटलेली दिसतात. वेग आणि उंची जाणवायला मागे ढग असावे लागतात. वेलमन स्वतः महायुद्धात फ्रान्समध्ये लढाऊ वैमानिक होते. टेक्सासमध्ये चित्रीकरण चालू असताना स्टुडिओची चरफड सोसूनही ते ढगांची वाट पाहत थांबले, आणि पुढे ह्यूज यांनीही कॅलिफोर्नियात तेच केले. दोन्ही चित्रपटांची किंमत माणसांनी मोजली, हेही नमूद करायला हवे. ‘विंग्ज’मध्ये विमान मुद्दाम आपटण्याच्या प्रसंगात डिक ग्रेस या वैमानिकाची मान मोडली, तर ‘हेल्स एंजल्स’च्या चित्रीकरणात काही जणांचा जीव गेला आणि खुद्द ह्यूजही विमान कोसळून जखमी झाले.

निव्वळ भव्यतेत ह्यूज यांचे पारडे जड आहे, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. लंडनवर चालून येणाऱ्या झेपेलिनचा रात्रीचा प्रसंग आजही श्वास रोखून पाहावा असा आहे. ढगांच्या वर तरंगणाऱ्या त्या अजस्र हवाईजहाजातून एका माणसाला लहानशा पाळण्यात बसवून तारेच्या आधाराने ढगांखाली सोडतात, आणि खाली शहर नेमके कोठे आहे ते तो दूरध्वनीवरून वर कळवतो. पुढे पाठलाग सुरू झाल्यावर वजन कमी करण्यासाठी काय काय बाहेर फेकले जाते, ते येथे सांगून रसभंग करत नाही.

माझे मत बनले ते मात्र या चित्रपटाच्या जमिनीवरच्या भागामुळे. हा चित्रपट मूकपट म्हणून सुरू झाला. मध्येच बोलपटांची लाट आली आणि ह्यूज यांनी संवादांचे प्रसंग नव्याने चित्रित करायचे ठरवले. त्यासाठी रंगभूमीवरून आलेले इंग्रज दिग्दर्शक जेम्स व्हेल यांना बोलावण्यात आले. नायिका ग्रेटा निसेन यांच्या इंग्रजीला नॉर्वेची झाक होती, म्हणून त्यांच्या जागी जीन हार्लो आल्या. आता गंमत पाहा. उच्चारांसाठी नायिका बदलली, पण ऑक्सफर्डमध्ये शिकणारे दोघे इंग्रज भाऊ मात्र शेवटपर्यंत चक्क अमेरिकन धाटणीने बोलत राहतात. बेन लायन आणि जेम्स हॉल यांनी तोंड उघडले की समोरचे इंग्लंड माझ्यापुरते नाहीसे होते. त्यातच ती वाक्ये सावकाश, एकमेकांची वाट पाहत म्हटलेली असल्यामुळे प्रत्येक उड्डाणानंतर चित्रपट धावपट्टीवर येऊन ताटकळल्यासारखा वाटतो, आणि माझा हात नकळत रिमोटकडे जाऊ लागतो. झेपेलिनमधले जर्मन खलाशी जर्मनमध्ये बोलतात आणि त्याचे इंग्रजी अक्षरपाट्यांवर येते, म्हणजे हा बोलपट जिथे मूकपटासारखा वागतो तिथेच तो सर्वांत चांगला जमला आहे. हार्लो यांचा आत्मविश्वास आणि मेजवानीच्या प्रसंगातले रंग एवढे सोडले तर जमिनीवर फारसे काही हाती लागत नाही. अर्थात सुरुवातीच्या बोलपटांची सवय असलेल्याला हे एवढे टोचणार नाही, हेही शक्य आहे.

‘विंग्ज’ निर्दोष आहे असे मुळीच नाही. पॅरिसमध्ये झिंगलेल्या नायकाला जिकडेतिकडे बुडबुडे दिसण्याचा विनोद गरजेपेक्षा फारच ताणला आहे, आणि क्लारा बो यांच्यासारख्या चैतन्यमूर्तीच्या वाट्याला नायकामागे झुरण्यापलीकडे फार थोडे आले आहे. पण त्याच पॅरिसच्या प्रसंगात कॅमेरा उपाहारगृहातील टेबलांवरून, बसलेल्या जोडप्यांच्या मधून सरकत पुढे जातो, तेव्हा हे १९२७ साल आहे यावर विश्वास बसत नाही. विमानांतले चेहरेही तसेच. चार्ल्स रॉजर्स आणि रिचर्ड आर्लन खरोखरच हवेत आहेत. कॅमेरा त्यांच्या समोर विमानावरच बसवलेला असे आणि तो चालू करण्याचे कामही त्यांनाच करावे लागे. डोळे बारीक करून वारा झेलणारा तो चेहरा आणि त्याच्या खांद्यामागे हळूहळू मोठे होत येणारे शत्रूचे विमान एकाच चौकटीत दिसते, त्यामुळे भीती कुणी बोलून दाखवण्याची गरजच उरत नाही.

गॅरी कूपर यांचा छोटा प्रसंग तर शब्दांवाचून काय साधते याचा नमुनाच आहे. तंबूत नव्याने आलेल्या दोघांशी हा अनुभवी वैमानिक दोन शब्द बोलतो, चॉकलेटचा एक घास घेतो, उरलेले तिथेच टाकतो आणि सरावासाठी निघून जातो. थोड्याच वेळात जमिनीवरून विमानाची सावली सरकते आणि तो गेल्याचे कळते. कोसळणारे विमान दाखवण्याचा मोह वेलमन यांनी टाळला आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले ऑस्कर ‘विंग्ज’ला मिळाले ही माहिती सर्वत्र सापडते, माझ्या लेखी त्या पुरस्कारापेक्षा हा अर्धवट खाल्लेल्या चॉकलेटचा तुकडा अधिक मोलाचा आहे.

तेव्हा ज्यांना केवळ हवाई थरार हवा आहे त्यांनी ‘हेल्स एंजल्स’पासून सुरुवात केली तरी फारसे बिघडणार नाही, बाकीच्यांनी आधी ‘विंग्ज’ पाहिलेला बरा, असे मला वाटते. तो पाहताना मात्र २०१२ साली पुनरुज्जीवित झालेलीच प्रत शोधावी, कारण धूसर प्रतींमध्ये ढगांतले बारकावे पार पुसले जातात, आणि पेटत्या विमानांच्या ज्वाळांना मूळ प्रदर्शनात दिलेला नारिंगी रंगही या नव्या प्रतीतच परत आला आहे. तिच्या ब्लू-रे चकतीवर पार्श्वसंगीताचे दोन पर्याय मिळतात, एक ऑर्गनचा आणि दुसरा चित्रपटाचे मूळ संगीतकार झामेचनिक यांच्या वाद्यवृंदरचनेचा. पहिल्या खेपेला वाद्यवृंदाचा निवडावा. सव्वादोन तासांहून अधिक वेळ एकटा ऑर्गन ऐकणे मला तरी जड गेले.