ओपनस्टॅक की क्लाउडस्टॅक : छोट्या टीमने काय घ्यावं?

स्वतःच्या सर्व्हरवर पूर्ण क्लाउड सेवा चालवायची तर बराचसा संच जवळपास ठरलेला आहे. खाली लिनक्स आणि एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारं केव्हीएम, साठवणुकीला सेफ (Ceph), देखरेखीला प्रोमेथियस आणि ग्राफाना. सेफ सहसा प्रत्येक डेटाच्या ३ प्रती ठेवतं, तेव्हा डिस्क त्या हिशेबाने घ्या. बाकी यात अडण्यासारखं फारसं नाही. गाडी अडते ती मधल्या थरावर. कुठलं मशीन कुठे चालू करायचं, कुणाला कुठलं नेटवर्क द्यायचं, कुणी किती वापरलं, हे सांभाळणार कोण? ओपनस्टॅक आणि क्लाउडस्टॅक ही दोन्ही सॉफ्टवेअर याच कामाची.

ओपनस्टॅक २०१० साली नासा आणि रॅकस्पेस या होस्टिंग कंपनीने सुरू केलं. सर्नसारखी युरोपातली मोठी भौतिकशास्त्र संशोधन संस्था २०१३पासून त्यावर काम करते, म्हणजे ताकदीबद्दल शंका नको. कोला-अ‍ॅन्सिबल या स्वयंचलित उभारणीच्या साधनामुळे उभारणीही पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. भाड्याने अख्खे सर्व्हर द्यायचे असतील तर त्यातली आयरॉनिक ही सेवा मला उजवी वाटते.

माझं घोडं अडलं ते बिघाड शोधताना. ग्राहकाचं मशीन चालू होत नाही आणि संदेश येतो, 'नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड', म्हणजे मशीन चालवायला योग्य सर्व्हर (होस्ट) सापडला नाही. कारण काहीही असू शकतं: मेमरी संपली, नेटवर्कची जोडणी फसली, सेवांमधले निरोप पोचवणारा रॅबिटएमक्यू तुंबला. मग नोव्हा (मशीन चालवणं), प्लेसमेंट (जागेचा हिशेब), न्यूट्रॉन (नेटवर्क), सिंडर (डिस्क) या ओपनस्टॅकच्या सेवांचे लॉग, म्हणजे कामाच्या नोंदी, वेगवेगळ्या सर्व्हरवर धुंडाळायचे. प्रत्येक विनंतीला क्रमांक असतो हे खरं, पण सगळे लॉग एका जागी आणायची व्यवस्था आधी उभारलेली असेल तरच त्याचा उपयोग.

मुंबईत हे जास्त जाचतं. आमची टीम छोटी. कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला. जुलैत लोकल बंद पडल्या की ऑफिसात पोचतो तो जवळ राहणारा नवशिका मुलगा, आणि बाकीचे फोनवर. चार सेवांचा गुंता फोनवरून सोडवताना त्याचाही जीव मेटाकुटीला येतो आणि आमचाही.

क्लाउडस्टॅकमध्ये मॅनेजमेंट सर्व्हर एक, त्याचा मुख्य लॉग एक. "जॉब क्रमांक शोध आणि त्याच्या खालच्या ओळी वाच," एवढं सांगितलं की बहुतेक वेळा कारण हाती लागतं. २०१२ साली सिट्रिक्सने हे अपाचे फाउंडेशनला दिलं. वापर मोजणारा सर्व्हर त्यातच आहे. ओपनस्टॅकला त्यासाठी सिलोमीटर (वापर मोजायला) आणि क्लाउडकिटी (दर लावायला) वेगळं बसवावं लागतं. १८ टक्के जीएसटीचं बिल मात्र दोन्हीकडे आपल्यालाच जुळवावं लागतं.

क्लाउडस्टॅकची खोड सिस्टिम व्हीएमची, म्हणजे त्याने स्वतःच्या कामासाठी चालवलेल्या आभासी मशीनची. सेकंडरी स्टोरेजचं (टेम्प्लेट ठेवायच्या साठ्याचं) व्हीएम उठलं नाही की नवे टेम्प्लेट, म्हणजे मशीनचे तयार साचे, उतरत नाहीत, आणि सुरुवातीला हे हमखास छळतं. नेटवर्कचा आराखडा नीट आखल्यावर आमचा तो त्रास जवळपास संपला. अनुभवी माणसंही ओपनस्टॅकची जास्त भेटतात, निदान आम्हाला तरी तसंच दिसलं.

हाताशी आठ-दहा जाणकार आणि रात्रपाळी असेल तर ओपनस्टॅक जरूर घ्या. तिघं-चौघं असाल तर मी क्लाउडस्टॅकच सुचवेन. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. दोन्ही चाचणीला उभारा, एका होस्टची नेटवर्क केबल मुद्दाम काढा आणि टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाला कारण शोधायला सांगा.