गोल्फ : तंत्र सुधारावे की स्कोअर सांभाळावा?

गोल्फ खेळू लागून तीन-चार वर्षे झाली, चेंडू बऱ्यापैकी लागू लागला आणि हँडिकॅप (चांगल्या दिवशी पारपेक्षा, म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा; कमी तितका चांगला) 20 च्या आसपास येऊन थबकला, की बहुतेक हौशी खेळाडूंसमोर हा प्रश्न उभा राहतो. आहे तो स्विंग तसाच ठेवून, आपला फटका कुठे वळतो ते ओळखून आणि शॉर्ट गेमच्या (होलजवळच्या छोट्या फटक्यांच्या) बळावर स्कोअर खाली आणायचा, की काही महिने स्कोअर बिघडू देऊन स्विंग मुळापासून नीट करायचा? पहिल्या मार्गाने मी जवळजवळ तीन वर्षे चाललो आणि मग दुसऱ्याकडे वळलो. दोन्हींची बाजू शक्य तितक्या न्यायाने मांडण्याचा प्रयत्न करतो. माझा कल कुठे आहे हे वाचकाच्या लक्षात येईलच, आणि तो लपवावा असे मला वाटत नाही.

आधी एक घोळ दूर केलेला बरा. तंत्र म्हणजे देखणा स्विंग, असे समजून हा वाद नेहमी घातला जातो, आणि मग निकालाच्या बाजूने अमेरिकन गोल्फपटू जिम फ्युरिकचे नाव हमखास पुढे येते. फ्युरिकचा क्लब वर जाताना एका वाटेने जातो आणि खाली येताना मोठा वळसा घेऊन भलत्याच वाटेने येतो. कोणताही शिक्षक नवशिक्याला असा स्विंग शिकवणार नाही. तरी त्याच स्विंगने तो 2003 ची यूएस ओपन जिंकला, आणि 2016 मध्ये त्याने 58 फटक्यांची फेरी खेळली, जी पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेत तोवर कोणालाही साधली नव्हती. स्कॉटी शेफलरचे पाय फटका मारताना जमिनीवरून घसरतात, तरी 2022 आणि 2024 ची मास्टर्स त्याच्या नावावर आहे. पण हे खेळाडू तंत्राविरुद्धचा पुरावा आहेत, असे मला वाटत नाही. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सुमारे अर्धा मिलिसेकंद टिकतो. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः त्या क्षणी क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग) कुठे पाहत आहे यावर ठरते, आणि हवेत तो किती वळणार हे क्लबफेस आणि क्लबची वाट यांच्यात किती फरक आहे यावर. फ्युरिक त्या अर्ध्या मिलिसेकंदापुरता क्लब पुन्हा पुन्हा त्याच जागी आणतो, आणि त्यालाच मी या लेखात तंत्र म्हणतो आहे. वर जाताना क्लब कसा दिसतो, हा छायाचित्रकाराच्या आवडीचा विषय आहे.

आता स्कोअरची बाजू. ती दुबळी आहे असे कोणी समजू नये. शेवटी कार्डावर आकडाच लिहिला जातो, आणि चार फटक्यांत संपलेला होल कसा संपला हे तिथे कोणी विचारत नाही. बॉबी लॉक जवळजवळ प्रत्येक फटका उजवीकडे काढून डावीकडे वळवत असे आणि त्याच सवयीवर त्याने 1949 ते 1957 या काळात चार वेळा ओपन (ब्रिटिश ओपन) जिंकली, अर्थात अप्रतिम पटिंगच्या (ग्रीनवरून चेंडू होलमध्ये ढकलण्याच्या) जोडीने. आपला चेंडू एकाच बाजूला आणि भरवशाने वळत असेल, तर तो दोष न राहता खेळाची पद्धत होऊ शकते. मी हा मार्ग धरला तेव्हा पहिल्या सहा-सात महिन्यांत मला झालेला फायदा खरा होता. माझा फटका उजवीकडे स्लाइस होतो, म्हणजे हवेत उजवीकडे वळतो, हे मान्य करून मी फेअरवेच्या (टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) डाव्या कडेवर नेम धरू लागलो, अरुंद होलवर ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) बॅगेतच ठेवू लागलो आणि सरावाचा निम्मा वेळ ग्रीनभोवतीच्या चिपला (छोट्या, हलक्या फटक्याला) देऊ लागलो. हँडिकॅप 22 वरून 17 वर आला. ज्याच्याकडे आठवड्यात एखादीच मोकळी सकाळ आहे, त्याला इतक्या कमी श्रमात इतके देणारा दुसरा मार्ग माझ्या तरी माहितीत नाही.

तरीही मी तो सोडला, आणि त्यामागे मुख्यतः एकच खटकणारी गोष्ट होती.

आमच्या नेहमीच्या कोर्सवर एक लांब पार-4 (चार फटक्यांत संपणे अपेक्षित असलेला) होल आहे. त्याच्या डाव्या बाजूला टीपासून (पहिला फटका मारण्याच्या जागेपासून) ग्रीनपर्यंत आउट ऑफ बाउंड्सचे पांढरे खांब आहेत आणि वारा बहुधा डावीकडून उजवीकडे वाहतो. स्लाइस गृहीत धरून खेळायचे, तर तिथे मला खांबांच्या पलीकडे नेम धरावा लागे, म्हणजे चेंडू हद्दीबाहेर पाठवून वाऱ्याने तो परत आणावा, अशी आशा करत उभे राहावे लागे. बहुतेक वेळा तो परत येई. पण कधी कधी, काहीही वेगळे केले नाही असे वाटत असताना, चेंडू वळायचाच नाही. जिथे नेम होता तिथे सरळ खांबांपलीकडे जायचा. ते टाळण्यासाठी नेम उजवीकडे आणला, की पुढचा चेंडू वाऱ्यावर बसून उजवीकडच्या झाडीत. हातात क्लब घेऊन उभे असताना आता कोणत्या बाजूची चूक होणार आहे हेच आपल्याला ठाऊक नसावे, याने मी जितका अस्वस्थ झालो तितका कोणत्याही वाईट स्कोअरने झालो नव्हतो. लॉकचा चेंडू नेहमी एकाच बाजूला वळत होता. माझा बहुधा वळत होता, आणि त्या ‘बहुधा’वर मी सगळी इमारत उभी केली होती.

हे मला इतके दिवस कळले कसे नाही, याचे उत्तर हँडिकॅपच्या हिशेबात सापडले. 2020 पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वोत्तम 8 फेऱ्यांची सरासरी धरली जाते, आणि एखादा होल पूर्ण बिघडला तरी नेट डबल बोगीपेक्षा (पारपेक्षा दोन, अधिक त्या होलवर हँडिकॅपने मिळणारे फटके) जास्त फटके हिशेबात येत नाहीत. ही पद्धत तिच्या कामासाठी उत्तमच आहे. खेळाडू चांगल्या दिवशी काय करू शकतो हे तिला मोजायचे असते, म्हणजे वेगवेगळ्या पातळीचे दोघे एकमेकांशी बरोबरीने खेळू शकतात. पण मी तिला माझ्या प्रगतीचे माप समजत होतो. माझे 17 हे त्या 8 फेऱ्यांचे 17 होते. उरलेल्या 12 फेऱ्यांत काय चालले होते, हे मी जुनी कार्डे काढून बसलो तेव्हा दिसले: एकाच पंधरवड्यात 86 आणि 101. अंगात ताप नव्हता, पाऊस नव्हता, कोर्स तोच होता. 101 च्या कार्डाकडे कितीही वेळ पाहिले तरी उद्या काय सुधारायचे हे त्यातून कळेना, आणि खरे सांगायचे तर 86 च्या कार्डातूनही कळेना. स्कोअरला प्रमुख मानून खेळण्यातली ही उणीव मला सर्वांत जाचक वाटली. दिवस चांगला असेल तर ते शाबासकी देते, आणि वाईट असेल तर परत जाण्यासाठी जागा देत नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी मी ड्रायव्हिंग रेंजवर 7 आयर्नच्या फेसवर पावडरचा हलका फवारा मारून चेंडू मारायला सुरुवात केली. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. पांढऱ्या थरावर चेंडू लागलेल्या जागी स्वच्छ गोल ठसा उमटतो. तो पाहायचा, पुसायचा, पुन्हा फवारा. दहा चेंडूंचे ठसे हीलपासून (फेसच्या दांड्याकडच्या बाजूपासून) टोपर्यंत (दुसऱ्या टोकापर्यंत) विखुरलेले होते. जो चेंडू झेंड्याच्या रेषेत जाऊन पडला आणि ज्यावर मी खूश झालो, त्याचा ठसा थेट हीलला, अगदी शँकच्या (चेंडू फेसऐवजी दांड्याच्या जोडाला लागून भलतीकडे जाण्याच्या) उंबरठ्यावर होता. आणि ज्याचा ठसा मधोमध उमटला होता तो चेंडू उजवीकडे बराच दूर गेला होता. पुढे गवतावरून मारले तेव्हा डिव्हट (क्लबने उपटलेल्या गवताच्या खुणा) एकामागून एक डावीकडे तोंड करून पडले. क्लबची वाट बाहेरून आत येत होती. म्हणजे चेंडू कुठे पडला एवढेच पाहून सराव केला असता, तर मी हीलचा फटका पक्का केला असता आणि मधला टाकून दिला असता.

मोठ्या खेळाडूंची उदाहरणे आपल्याला जशीच्या तशी लागू होत नाहीत, त्यांच्याकडे दिवसभराचा वेळ असतो, हे मान्य. पण दोन उदाहरणांनी मला धीर दिला. निक फाल्डो 1983 मध्ये युरोपियन टूरवर पाच स्पर्धा जिंकून कमाईच्या यादीत पहिला आला होता. निकाल पाहणाऱ्याला त्याच्यात दुरुस्तीजोगे काही दिसले नसते. दडपणाखाली आपला स्विंग टिकत नाही हे त्याचे त्याला दिसले, आणि प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटरबरोबर त्याने तो नव्याने बांधला. मधली वर्षे हलाखीची गेली. 1987 च्या ओपनमध्ये म्युरफील्डवर शेवटच्या दिवशी त्याने अठराच्या अठरा होलवर पार काढले आणि एका फटक्याने स्पर्धा जिंकली. टायगर वुड्सने 1997 ची मास्टर्स 12 फटक्यांनी जिंकल्यावर स्विंग बदलायला घेतला. 1998 मध्ये पीजीए टूरवर त्याला एकच विजय मिळाला आणि 1999 मध्ये आठ. बारा फटक्यांच्या विजयानंतरही ज्याला आपल्या क्लबफेसबद्दल शंका घ्यावीशी वाटली, त्याच्यापुढे माझे 17 हँडिकॅपचे समाधान मला फार घाईचे वाटले.

उलट बाजूचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. ल्यूक डोनाल्ड 2011 मध्ये जागतिक क्रमवारीत पहिला होता आणि त्याच वर्षी अमेरिका आणि युरोप अशा दोन्ही टूरच्या कमाईत पहिला आला, तेही लांब फटक्यांसाठी ओळखला जात नसताना. पुढे त्याने प्रशिक्षक बदलून स्विंगवर नव्याने काम केले, आणि ती उंची त्याला पुन्हा गाठता आली नाही. मोडलेले नाही ते दुरुस्त करायला घेऊ नये, एवढे त्यातून मी नक्की घेतो. ज्याचा चेंडू आधीच एका ठरावीक बाजूला वळतो आणि ज्याच्या चांगल्या-वाईट फेऱ्यांत सात-आठ फटक्यांचेच अंतर आहे, त्याने स्विंगला हात लावू नये असे मी सुचवीन. महिन्या-दीड महिन्यावर स्पर्धा आली असेल, त्यानेही लावू नये. पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे असलेल्यांना शरीर जे करू देईल तेच त्यांचे तंत्र.

तंत्राच्या मार्गाची किंमतही सांगितली पाहिजे. पहिले चार महिने माझा स्कोअर 95 च्या खाली आला नाही. रेंजवर जमलेली गोष्ट कोर्सवर नाहीशी होई, कारण चेंडूसमोर उभे राहिल्यावर मनगट, खांदा, गुडघा असे सगळे एकदम आठवे आणि बॅकस्विंग अर्ध्यावर आखडे. शिक्षकाने मला एका फेरीत एकच विचार, तोही टीवर उभे राहण्याआधीपर्यंतच, असा नियम घालून दिला तेव्हा हे कमी झाले. वेगवेगळ्या शिक्षकांचे व्हिडिओ पाहून प्रत्येकाचे थोडे थोडे घेणे तर कटाक्षाने टाळावे. त्यात माझे दोन महिने गेले.

पटिंग मात्र मी या सगळ्या वादाच्या बाहेर ठेवतो. तिथे स्कोअरवाल्यांचे म्हणणे मला जवळजवळ पूर्ण पटते. बर्नहार्ड लँगरला यिप्सने (पट करताना हात अचानक झटकण्याच्या त्रासाने) पुन्हा पुन्हा गाठले, त्याने पटरची पकड वारंवार बदलली आणि तरीही 1985 व 1993 ची मास्टर्स जिंकली. चेंडू हव्या त्या रेषेवर, हव्या त्या वेगाने निघाला की पटर कसा धरला होता याला महत्त्व उरत नाही. फक्त एकाच पटवरून स्वतःचा निवाडा करू नये. टूरवरचे खेळाडूही 8 फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात.

आज माझा हँडिकॅप 14 आहे, म्हणजे तीन फटक्यांचाच फरक, आणि कोणी म्हणेल की यासाठी एवढा खटाटोप कशाला. पण उरलेल्या 12 फेऱ्यांत आता 101 सापडत नाही, आणि पांढऱ्या खांबांच्या होलवर चेंडू चुकला तर तो उजवीकडेच चुकतो. माझ्या लेखी निवड यावरच ठरली. दुसऱ्या कोणाला पहिले सहा-सात महिने मिळणारा झटपट फायदा अधिक मोलाचा वाटू शकतो, आणि त्याचे चुकते आहे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

जे तंत्राकडे वळतील त्यांना एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, कारण बहुतेक जण याच टप्प्यावर माघार घेतात. उजव्या हाताने खेळणाऱ्या आणि स्लाइसने त्रस्त असलेल्या खेळाडूला शिक्षक बहुधा सर्वप्रथम ग्रिप बदलायला लावतो: डावा हात थोडा उजवीकडे फिरवून, वरून पाहिल्यास दोन-तीन बोटांची पेरे दिसतील असा. त्याने क्लबफेस बंद व्हायला लागतो, पण क्लबची वाट जुनीच, बाहेरून आत येणारी असते. त्यामुळे पहिले काही आठवडे चेंडू उजवीकडे वळण्याऐवजी सरळ डावीकडे जातो, कधी हुकही होतो (जोराने डावीकडे वळतो), आणि स्कोअर आधीपेक्षा वाईट येतो. तेव्हा हात पुन्हा जुन्या जागी नेऊ नयेत. चेंडू डावीकडे जात राहिला तरच शरीर हळूहळू वाट बदलू लागते. माझ्या बाबतीत त्याला पाच आठवडे लागले.