पांढऱ्या लोकरीचा निवडुंग: झाडाला पैकीच्या पैकी, कुंडीला भोपळा

नर्सरीतल्या छोट्या निवडुंगांच्या ट्रेमध्ये मॅमिलेरिया बोकासाना बहुतेक वेळा असतोच. पांढरी लोकर गुंडाळलेला, चार-पाच सेंटिमीटरचा गोळा. मूळचा मेक्सिकोतल्या सान लुईस पोतोसीच्या कोरड्या, खडकाळ भागातला. झाड चिवट आहे, लवकर फुलतं आणि पिल्लंही भराभर धरतं. तरीही विकत आणलेली बरीच झाडं वर्षभरात जातात. त्यात झाडाचा दोष कमी आणि ते ज्या मातीत नि ज्या सजावटीसकट विकलं जातं तिचा जास्त.

आधी झाडाबद्दल. हात लावावासा वाटतो, पण लावू नका. ती लोकर म्हणजे केसांइतके बारीक झालेले कडेचे काटेच आहेत. प्रत्येक फुगीर गाठीच्या टोकाला त्यांचा झुबका असतो आणि मधोमध लालसर तपकिरी, गळासारखा वाकलेला काटा. तो बोटात शिरला की सरळ ओढून निघत नाही. उलट ओढलात तर अख्खं झाड कुंडीतून उपटून हाताबरोबर येतं. ज्या वाटेने शिरला त्याच वाटेने किंचित मागे सरकवून चिमट्याने सोडवावा. बाहीच्या लोकरी स्वेटरलाही हीच काळजी लागू. भिंगातून पाहिलं तर कळतं की फुलं काट्यांच्या जागी येत नाहीत, दोन गाठींच्या बेचक्यातून येतात. मॅमिलेरिया गटातल्या निवडुंगांची ही खास खूण. फुलं मलईच्या रंगाची, पाकळीवर मधोमध गुलाबी रेघ, आणि शेंड्याभोवती गोल कडं करून उमलतात. काही महिन्यांनी त्याच बेचक्यांतून लांबट गुलाबी फळं वर येतात. ती फुलांपेक्षाही देखणी, असं आमचं मत.

आता तक्रारी. पहिली माती. बहुतेक कुंड्यांत निव्वळ पीट (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींचा भुसा) किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेलं असतं, कारण ते हलकं आणि वाहतुकीला सोपं. ओलं झालं की ते आठवडाभर ओलं राहतं आणि मुळं कुजतात. पीट पूर्ण सुकलं तर आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतं. मग घातलेलं पाणी फटीतून थेट खाली जातं, मुळांभोवतीचा गड्डा आतून कोरडाच. म्हणजे जास्त पाण्यानेही मरतं आणि पाणी घालूनही सुकतं. दुसरी तक्रार गोंदाने चिकटवलेल्या रंगीत खड्यांची. ओल अडकते, बुंधा दिसत नाही. काही झाडांवर वाळवलेलं कागदी दिसणारं फूल गरम गोंदाने चिकटवतात, ही तर शुद्ध फसवणूक. ते उपटू नका, साल फाटते. पाकळ्या कात्रीने कापाव्यात आणि गोंदाचा थेंब राहू द्यावा.

घेताना लोकरीत पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी कापसासारखी कीड, आहे का बघा. पांढऱ्यावर पांढरा असल्याने इथेच सगळे फसतात. काट्यांचे केस सुटे आणि सरळ असतात, ढेकणाचा कापूस गोळागोळा, पिठूळ आणि चिकट. सुईने उचकून पाहावं. कुंडी काढल्यावर आतल्या भिंतीला निळसर पांढरी भुकटी दिसली तर तो मुळांवरचा ढेकूण, असं झाड घेऊच नये. बुंध्याशी तपकिरी, मऊ डाग असेल तर तेही परत ठेवा. वरच्यावर थोडेच ढेकूण असतील तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल बारीक ब्रशने लावावं, संध्याकाळी, आणि वाळेपर्यंत ऊन दाखवू नये.

आणल्यावर आठवड्याभरात कुंडी बदलणं, हे या खरेदीचं न छापलेलं कलम समजा. वर्तमानपत्राची जाड घडी झाडाभोवती पट्ट्यासारखी गुंडाळून उचला. खडे पक्कडीने फोडून काढा, पीट हलक्या हाताने झाडा. मुळांच्या मध्यात कधी कधी कापडी जाळी सापडते, ती कापून टाका. नवं मिश्रण: दोन भाग प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड), परलाइट (भाजून फुलवलेले हलके पांढरे खडे) किंवा २ ते ५ मिलिमीटरची धुतलेली जाडी वाळू, एक भाग चाळलेली माती. बारीक वाळू नको, ती फटी बुजवते. कुंडी आधीच्यापेक्षा फक्त एक-दोन सेंटिमीटर रुंद, खाली भोक असलेली. मोठ्या कुंडीतली माती मुळं पोचेपर्यंत ओलीच राहते. नंतर सात दिवस पाणी बंद, म्हणजे तुटलेली मुळं भरून येतात.

वाढीच्या काळात कुंडी तळापर्यंत सुकली की भरपूर पाणी, तेही कडेने. लोकरीवर पाणी पडलं की ती चिकटून मळकट होते आणि क्षारांचे डाग उरतात. खत वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, नत्र कमी असलेलं, पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं. थंडीत कोरडं ठेवलं तर ५ ते १० अंशांची विश्रांती त्याला मानवते. फुलं न येण्याचं सगळ्यात सामान्य कारण म्हणजे थंडीतही चाललेलं पाणी आणि अपुरं ऊन. रोज चार तासांचं थेट ऊन हवंच, पण दुकानाच्या सावलीतून आणलेलं झाड एकदम उन्हात ठेवलं तर भाजतं आणि तो डाग जन्मभराचा. दोन आठवड्यांत सवय लावावी. उजेड कमी पडला तर शेंडा निमुळता होतो, लोकर विरळ होऊन हिरवं अंग दिसू लागतं. नंतर ऊन दिलं तरी तो निमुळता भाग पुन्हा गोल होत नाही.

घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर हा घेऊ नका. मॅमिलेरिया इलाँगाटा घ्या. त्याच्या बोटांसारख्या खोडांवरचे काटे मागे अंगालगत वळलेले असतात आणि गळ सहसा नसतो. निगा जवळजवळ हीच.